जावयाला उत्तर द्यायचं नसतं

असोदा,
२४ जुलै २०२५

ती. हितेंद्र भाऊजी,

नूतनचा नमस्कार, पण या खेपेला जरा रागातला.

डॉक्टरांनी गळ्याला पूर्ण विश्रांती सांगितली आणि फोन वाजला की तुम्हाला राहवत नाही, म्हणून डिंपलताईंनी तुमचा मोबाइल कपाटात कुलूप लावून ठेवलाय असं कळलं. बरं केलं त्यांनी. फोनवर मी भांडले असते, तुम्ही उलट बोलला असता आणि गळ्याचं पाप माझ्या माथी आलं असतं. कागदावर भांडलं की गळाही दुखत नाही आणि मला मधे कुणी तोडतही नाही.

भाऊजी, त्या दिवशी आमच्याकडे वरण-बट्टी जेवलात, तूप मागून घेतलंत, आणि जाताना माझ्या अख्ख्या तिसरीच्या वर्गाला इंग्रजी बोलण्यात सगळ्यात खालची श्रेणी देऊन गेलात! खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच ना? तुमचे शालक म्हणाले, "अगं, ते परीक्षक आहेत, त्यांना लिहावंच लागतं." मी म्हटलं, परीक्षक असतील धुळ्याला, इथे ते माझ्या नणंदेचे नवरे आहेत.

थट्टा बाजूला ठेवते. तुम्हाला ठाऊक आहे की शाळेत पहिलीपासून इंग्रजी बोलायला शिकवायचं हा हट्ट माझा होता. आबा संस्थेचे अध्यक्ष असूनही, आणि माझे सासरे असूनही, मला वर्षभर त्यांच्या मागे लागावं लागलं. आता ही पहिली तुकडी तिसरीत आली. दिवाळीनंतर पालकांची सभा आहे. तुमच्या तपासणीत पोरं बोलती निघाली नाहीत तर निम्मे पालक आपली पोरं जळगावच्या इंग्रजी शाळेत घालणार आहेत. उखर्डूभाऊंनी तर व्हॅनवाल्याला शब्दही दिलाय. निम्मी पोरं गेली की वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मीही घरी. ते एक वेळ सोसेन. पण ही पोरं बोलतात हो! वर्गात कानठळ्या बसवतात. तुमच्यासमोर मात्र एकेक जण हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला, जसं काही मी त्यांना मुकं राहायला शिकवलंय. मी खिडकीबाहेर उभी होते आणि मला रडू येत होतं.

पुन्हा एकदा या. एवढंच मागते.

तुमची,
नूतन


धुळे,
१ ऑगस्ट २०२५

नूतन,

तुझं पत्र डिंपलने आधी वाचलं, मग मला दिलं, आणि देताना म्हणाली, "बरोबर आहे तिचं." म्हणजे घरात मी एकटा पडलोय आणि मला बाजू मांडायलाही आवाज नाही. गळ्यात स्वरतंतूंवर गाठी आहेत. तीस वर्षं पोरांवर ओरडल्याचं बक्षीस. शेजारचे चिंधाभाऊ रोज दारात येऊन सांगतात, "मास्तर, तुमनं बठ्ठं चांगलं शे, फक्त बोलनं बंद शे," म्हणजे बाकी सगळं छान, आणि स्वतःच हसतात.

आता तुझ्या रागाबद्दल. बाई गं, बोलण्याची परीक्षा म्हणजे काय, तर समोरच्या मुलाला चित्र दाखवायचं, प्रश्न विचारायचा, थांबायचं आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. व्याकरण चुकलं तरी चालतं, अर्धं वाक्य चालतं, एक शब्दसुद्धा चालतो. मी बाजाराचं चित्र दाखवलं. विचारलं, हे काय आहे, तुला यातलं काय आवडतं, तुझ्या घरी बाजार कोण करतं. सोपे प्रश्न, हळू विचारले, दोनदा विचारले. तुझा तो तेजस माझ्या बुटांकडे बघत राहिला. ऐकू आलं तेच मी लिहितो. ऐकूच आलं नाही तर काय लिहू?

आणखी एक सांगतो. सासुरवाडीची शाळा, सासरे अध्यक्ष, शालकाची बायको शिक्षिका. मी तिथे एक गुण जरी हात सैल सोडून दिला असता तर लोक काय म्हणाले असते ते तुला सांगायला नको. म्हणून मी काटेकोर राहिलो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं.

माझा अंदाज ऐक. तुझी पोरं घोळक्यात बोलतात. सगळी मिळून "गुड मॉर्निंग टीचर" ओरडतात आणि तुला वाटतं सगळी बोलली. एकटं पाडलं की गाडी अडते. रोज एकेकाला समोर उभं कर, प्रश्न विचार आणि उत्तर येईपर्यंत तू गप्प राहा. तुला गप्प राहणं जड जाईल, ठाऊक आहे.

आबांना नमस्कार.

हितेंद्र


असोदा,
१९ ऑगस्ट २०२५

ती. भाऊजी,

तुमचा अंदाज साफ चुकला, आणि हे लिहिताना मला किती आनंद होतोय म्हणून सांगू!

तुम्ही सांगितलंत तसं केलं. एकेकाला समोर घेतलं, तेच बाजाराचं चित्र, तेच प्रश्न. धडाधड उत्तरं! आपल्या इंदरचंद सेठजींची नात पलक, तिने तर चित्रातल्या दुकानदाराच्या मांडणीतल्या चुका काढल्या, "ऑइल अँड सोप टुगेदर, नॉट गुड." घरचं किराणा दुकान ना. तेजसने चार वाक्यं सलग बोलून दाखवली. मग मी त्याला मराठीत विचारलं, "अरे, मग त्या दिवशी सरांसमोर दातखीळ का बसली होती?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की बाईंना एवढंही कळत नाही का. म्हणाला, "ते सर नव्हते बाई. ते जवाई व्हते."

भाऊजी, शाळा सुटल्यावर मी निघालेच. घरोघर चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आबा स्वतः वर्गात जाऊन सांगून आले होते, "उद्या गावचे जावई येताय. मान राखा. मधे बोलू नका." मला पत्ता नाही, मी ऑफिसात होते. आणि संध्याकाळी घरोघरच्या आज्यांनी त्यावर कळस चढवला. तेजसची आजी बेबाबाई मला ठसक्यात म्हणाल्या, "जवायाले उलटा जबाब देऊ नही. लेक त्याच्या घरी नांदते आपली." प्रश्नाला उत्तर म्हणजेही त्यांच्या लेखी उलटा जबाबच! दोन मुली तर तुमच्या पाया पडायला आल्या होत्या म्हणे, तुम्ही "सिट डाऊन" म्हणालात म्हणून घाबरून बसल्या.

तुम्ही स्वतः या गावात लग्नाच्या मांडवापासून येताय, आणि इतक्या वर्षांत कुणी तुम्हाला कधी उलट उत्तर दिलं का, आठवून बघा. तुम्हाला वाटलं असेल तुमचा रुबाब. तो नात्याचा रुबाब आहे, भाऊजी.

आता तरी ती श्रेणी बदला.

नूतन


धुळे,
३ सप्टेंबर २०२५

नूतन,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, म्हणजे आवाज न करता हसलो, की डिंपलला वाटलं मला उचकी लागली. तिने पाठीत दोन धपाटे घातले. मग तिने वाचलं आणि ती मात्र माझ्यासमोर मनसोक्त, मोठ्याने हसली. वर म्हणते, "माझ्या माहेरचे संस्कार आहेत, काय समजलात?"

पण श्रेणी बदलता येणार नाही. रागावू नकोस, नीट ऐक. पोर का बोललं नाही याचं कारण कळलं म्हणून ते बोललं असं होत नाही. तापात पेपर कोरा राहिला तर पोराबद्दल वाईट वाटतं, पण कोऱ्या पेपरला गुण देत नाहीत. फार तर परीक्षा पुन्हा घेता येते. दुसरा परीक्षक पाठवावा म्हणून मी परीक्षा घेणाऱ्या आमच्या संस्थेला विचारलं. त्यांनी कळवलं की दिवाळीआधी कुणी मोकळं नाही.

मग उरलो मी, आणि माझं हे असं आहे. परवा डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. दिवाळीपर्यंत एक शब्दही काढायचा नाही म्हणाले. न बोलणारा माणूस बोलण्याची परीक्षा कशी घेणार? प्रश्नच विचारता येत नाहीत.

आणि तुला म्हणून सांगतो, डिंपलला अजून बोललो नाही. लिहून दाखवलं नाही, असं म्हण हवं तर. शाळेत मला ग्रंथालय सांभाळायला सुचवलंय. प्रेमानेच सुचवलं. पण मी वर्गाच्या दारावरून जातो आणि आतून दुसऱ्या कुणाचा आवाज येतो तेव्हा भराभर पुढे निघून जातो. मास्तरचा आवाज गेला की त्याच्याकडे काय उरतं, याचं उत्तर मला सापडत नाहीये. तुझ्या वर्गासाठी काही करता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. माफ कर.

हितेंद्र


असोदा,
१२ सप्टेंबर २०२५

ती. भाऊजी,

ग्रंथालयाचं डिंपलताईंना आजच्या आज सांगा. त्यांच्यापासून काय लपवणार, हे पत्रही आधी त्याच उघडतील!

आणि तुम्ही या. प्रश्न विचारता येत नाहीत तर नका विचारू. नुसते येऊन बसा, चित्र समोर ठेवा, कान उघडे ठेवा. मी खोलीत थांबणार नाही, खिडकीपाशीही नाही. पोरांना एवढंच सांगेन की आत गेल्यावर इंग्रजीतच बोलायचं आणि सरांना डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे. आबांना या वेळी वर्गात पाऊल टाकू देणार नाही, तशी शपथच घेतलीय त्यांच्याकडून. ते म्हणाले, "जावई मुका आला तरी जावईच, सरबराईत कमी पडायचं नाही." म्हटलं, सरबराई घरी करा.

मला माहीत नाही काय होईल ते. पण कोरा पेपर पुन्हा कोरा राहिला तर याहून वाईट ते काय होणार?

नूतन


धुळे,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय नूतन,

आबांनी मला तुझ्याशी दोन शब्दही लिहून बोलू दिले नाहीत, शेवटची बस चुकेल म्हणून थेट बसमध्ये बसवून दिलं. म्हणून त्या खोलीत काय झालं ते आता सविस्तर लिहितो. डिंपलला वाचून दाखवता येत नाही, तीच मोठ्याने वाचतेय माझ्या शेजारी बसून.

मी टेबलामागे बसलो. पहिला तेजस आला. मी चित्र पुढे सरकवलं. त्याने चित्राकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी गप्प, तो गप्प. मला वाटलं, संपलं, पुन्हा तेच. आणि मग त्याचा चेहरा असा झाला जसा घरात पाहुणा बसलाय आणि आई शेतातून आलेली नाही अशा वेळी पोराचा होतो. म्हणाला, "सर, वॉटर?"

मी मान हलवली. तो पळत गेला, तांब्या घेऊन आला, मग थबकला. "कोल्ड वॉटर नो. युवर थ्रोट पेन. हॉट वॉटर?" मी पुन्हा मान हलवली. तो पुन्हा पळाला. गरम पाणी कुठून पैदा केलं देव जाणे. मी पितोय आणि तो विचारतोय, "नाऊ गुड? यू केम बाय बस? बस फुल? यू गॉट सीट?"

त्यानंतर थांबलंच नाही गं. पलक आली ती खुर्ची हलवायलाच लागली, "सिट हिअर. देअर फॅन इज नॉट कमिंग." मग, "यू वॉन्ट टी? विथ शुगर? यू हॅव शुगर, सर?" मला मधुमेह आहे का, असं ती काळजीने विचारत होती. दुकानात सेठजी अर्ध्या गावाला विचारत असतील तसं. मी बोटाने थोडासा अशी खूण केली तर म्हणाली, "देन नो बिस्किट," आणि माझ्यासमोरची बशी स्वतःकडे ओढून घेतली!

प्रत्येक पोर काही ना काही विचारत होतं. डिंपल आत्या का नाही आली, तिची तब्येत कशी आहे, धुळ्याला पाऊस आहे का, तुम्हाला मुलगा की मुलगी, ती काय करते. मला हो-नाही एवढंच सांगता येतं हे ध्यानात आल्यावर त्यांनी प्रश्नच तसे बदलले. "डॉटर इन पुणे? नो? नाशिक? येस! शी इज वर्किंग? शी इज मिसिंग यू?" अगं, समोरच्याला झेपेल असा प्रश्न बेतणं आम्हा परीक्षकांना प्रशिक्षणात शिकवतात, आणि तरी निम्म्यांना जमत नाही.

शेवटी उखर्डूभाऊंची भाविका आली. तिने ते बाजाराचं चित्र उचललं आणि मला समजावून सांगितलं, बहुधा मला कळत नसावं अशा समजुतीने. "धिस इज बनाना. धुळे बनाना स्वीट? असोदा बनाना मोर स्वीट. यू टेक होम, ओके?" माझ्या तोंडून नकळत "गुड" निघालं, घोगरं, फाटलेलं. तशी ती ओठांवर बोट ठेवून माझ्यावर ओरडली, "सर! नो टॉकिंग! डॉक्टर विल बीट यू!"

ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसलो थोडा वेळ. किती दिवसांनी मी वर्गात होतो, माझा आवाज नव्हता, आणि वर्ग भरभरून बोलत होता. मला फार बरं वाटलं, नूतन. अगदी मनापासून.

आता जे आवडणार नाही तेही लिहितो. मी श्रेणी दिलेली नाही. आमच्या कागदावर रकाने आहेत ते उत्तरांचे. मी प्रश्न विचारले नाहीत, म्हणजे उत्तरं नाहीत. तिथे मी खोटं भरणार नाही. त्याऐवजी पोरं जे जे बोलली ते सगळं, चुकांसकट, नावांसकट लिहून आबांकडे पाठवलंय. खाली लिहिलंय, "परीक्षकाला बोलता येत नव्हतं. मुलांनी त्याची विचारपूस केली. इंग्रजीत केली." आणि सही. सभेत हे वाचा, मग लोक काय ठरवतील ते ठरवोत.

आणि खरं सांग, हे तू घडवून आणलंस का?

हितेंद्र


असोदा,
११ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊजी,

सभा काल झाली. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी शपथेवर सांगते, पोरांना मी काहीच शिकवलं नव्हतं. फक्त बेबाबाईंच्या ओसरीवर जाऊन सहज म्हटलं होतं की जावई येताय खरे, पण बोलणार नाहीत, नुसते बसून राहतील. तशा त्या एकदम उठल्याच. "जवाई मुक्यानं बसून राहीन? मग गावाची शोभा काय राह्यली? त्याले ईचारा पानी, ईचारा खुशाली!" पुढचं सगळं आज्यांनी केलं. जुलैत त्यांनीच वर्ग पाडला होता, त्यांनीच उभा केला. मी तेवढं इंग्रजी दिलं.

आता सभा. शाळेच्या अंगणात झाली. भरताची वांगी निघायला लागलीत, तरी शेतं टाकून माणसं आली होती, बायकाही आल्या. पहिलाच प्रश्न आला, "गुण किती?" आबांनी खरं ते सांगितलं, गुण नाहीत. लगेच कुजबुज सुरू झाली. पालकांतले कौतिकभाऊ मागून म्हणाले, "म्हंजे पुन्हा शून्यच ना?"  मग आबांनी तुमचा कागद वाचायला घेतला. आबांना इंग्रजी वाक्यं वाचता येईनात, म्हणून पोरांनाच पुढे बोलावलं आणि ज्याचं त्याने म्हणून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला. "डॉक्टर विल बीट यू" ला अंगण हसून हसून लोटपोट झालं. भाविकाची आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

तरी हसणं म्हणजे होकार नव्हे. कौतिकभाऊ उठलेच, "हे सगळं गोड आहे, पण सासऱ्याच्या शाळेबद्दल जावई गोडच लिहिणार." मला हीच भीती होती. आबांचा चेहरा उतरला.

तेव्हा कोण उठावं? उखर्डूभाऊ! ज्यांनी व्हॅनवाल्याला शब्द दिला होता ते. म्हणाले, "याच जवायानं जुलैत सासऱ्याच्या गावाले शून्य देलं. तव्हा त्यानं आबाचं तोंड पाह्यलं नही. माझ्या पोरीलेबी शून्य देलं. तो माणूस आता खोटं कायले लिहीन?"

 मग कौतिकभाऊच हळूच म्हणाले, "हे बाकी खरं हाये," आणि खाली बसले.

तीन घरांची पोरं जाताहेत जळगावला. ते आधीच ठरलेलं होतं, त्यांना मी आशीर्वाद दिला. बाकी सगळी राहिली. वर्ग राहिला, भाऊजी! मीही राहिले. सभा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात जाऊन पोटभर रडून घेतलं, आणि तुमच्या त्या शून्यांना, ज्यांच्यावर मी चार महिने दातओठ खात होते, हात जोडले. तुम्ही तेव्हा हात सैल सोडला असता तर काल आपला शब्द कुणी मानला नसता.

उद्या तुमची डॉक्टरांकडे तारीख आहे ना? आम्ही सगळे वाट पाहतोय. काहीही कळो, लगेच लिहा.

तुमची धाकटी बहीण,
नूतन


धुळे,
१३ नोव्हेंबर २०२५

नूतन,

तुझं पत्र आज सकाळी आलं. डिंपलने दारातच उघडलं आणि वर्ग राहिला हे चिंधाभाऊंनाही ओरडून सांगितलं. आम्ही दोघांनी पेढे खाल्ले, मी अर्धाच, पलकच्या धाकाने.

डॉक्टरांनी काल दुर्बीण घालून पाहिलं. गाठी बसल्यात. पूर्वीसारखा वर्गभर ओरडणारा आवाज परत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण रोज थोडं बोलायला हरकत नाही, हळू, जपून. ग्रंथालय मी घेणार नाही. हेडमास्तरांना सांगणार आहे की मला पाचवीचा वर्ग द्या, लहान असला तरी चालेल. मी थोडं बोलेन, पोरं जास्त बोलतील. ते कसं करायचं ते मी आता पाहून आलोय.

दवाखान्यातून घरी आलो. डिंपल माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बोला काहीतरी. चार महिने झाले." मी वाटेत एक छानसं वाक्य ठरवून ठेवलं होतं, तिला आवडेलसं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. आवाज बारीक होता, ओळखू न येण्यासारखा.

"तू जेवलीस का?"

 ती म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"असोदा, तिसरीचा वर्ग," मी म्हटलं.

ती हसली आणि पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. माझी तपासणी म्हणून सकाळपासून जेवली नव्हती.

हितेंद्र